बालपण आणि भाषा एकत्र कसं अभ्यासायचं? वेल्स, कुंभारी आणि ‘पस्तीस’चं त्रेपन्न



पेटची किंवा नेट-सेटची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न हल्ली बऱ्याचदा येतो. ‘मला लहान मुलांवर काम करायचंय आणि भाषेवरही करायचंय. सगळे म्हणतात, दोन्ही जमणार नाही, एक काहीतरी धर. काय करू?’

माझं उत्तर असं की, दोन विषय आवडतात एवढ्यावरून ते एकत्र करू नका. पण काही प्रश्न असे असतात की त्यातला एक विषय सोडला तर दुसराही हातात राहत नाही. तुमचा प्रश्न तसा आहे का, हे आधी तपासा. कसं तपासायचं, ते आज एका खऱ्या जागेच्या आधाराने बघू. जागा आपल्या जवळचीच आहे, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं कुंभारी. पण तिकडे जाण्याआधी थोडं लांब जाऊन येऊ, कारण ही विषयांची जोडी जिथे नीट रुजली आहे तो प्रदेश म्हणजे वेल्स.

वेल्समध्ये ही जोडी का जमली?

वेल्समध्ये ‘बाल्य व युवा अभ्यास’ आणि ‘वेल्श भाषा’ हे दोन विषय पदवीला एकत्र घेता येतात. आपल्याला पहिल्यांदा ऐकताना हे थोडं विचित्र वाटतं. बालमानसशास्त्र आणि मराठी साहित्य एकाच पदवीत, असं काहीसं. पण तिथला इतिहास बघितला की कोडं सुटतं.

१८४७ साली ब्रिटिश सरकारने वेल्समधल्या शिक्षणाचा एक अहवाल काढला. निळ्या पुठ्ठ्यांमुळे ‘ब्लू बुक्स’ म्हणून तो ओळखला जातो. त्यात वेल्श भाषा ही लोकांच्या प्रगतीतली अडचण आहे, असा सूर होता. एकोणिसाव्या शतकात तिथल्या काही शाळांमध्ये वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवायचे. मग हळूहळू उलटा प्रवास सुरू झाला. १९३९ मध्ये अॅबरिस्टविथला वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा निघाली, तीही खासगी आणि अवघ्या ७ मुलांची. १९४७ मध्ये लॅनेथ्लीला सरकारी खर्चाने चालणारी पहिली वेल्श शाळा आली. १९७१ मध्ये वेल्श बालवाड्यांची संघटना उभी राहिली. आता तिथल्या सरकारने २०५० पर्यंत १० लाख वेल्श भाषक करायचं उद्दिष्ट ठेवलं आहे. २०२१ च्या जनगणनेत हा आकडा ५ लाख ३८ हजारांच्या आसपास होता, म्हणजे ३ वर्षांवरच्या लोकसंख्येच्या १७.८ टक्के.

आता विचार करा. उरलेले साडेचार लाख भाषक येणार कुठून? बहुतेक बालवाडी आणि प्राथमिक शाळांमधूनच. त्यामुळे वेल्समध्ये भाषेचं भवितव्य हा बालवाडीच्या बाईंचा रोजचा विषय आहे. घरात इंग्रजी बोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला वेल्श कशी शिकवायची, ते मूल मधल्या सुट्टीत कोणत्या भाषेत खेळतं, चौदाव्या वर्षी ती भाषा का सोडून देतं, हे प्रश्न एकट्या भाषाशास्त्राचे नाहीत आणि एकट्या बालविकासाचेही नाहीत. म्हणून ती जोडी.

आणखी एक गोष्ट संशोधक म्हणून डोक्यात ठेवण्यासारखी आहे. २०११ मध्ये तिथे वेल्श भाषकांचं प्रमाण १९ टक्के होतं, ते २०२१ मध्ये घसरलं. ही घसरण मुख्यतः ३ ते १५ वयोगटात दिसली. पण त्या वयाच्या मुलांचा जनगणनेचा फॉर्म भरतं कोण? आईवडील. आणि २०२१ ची जनगणना कोविडच्या काळातली, मुलं कित्येक महिने घरून शिकत होती. म्हणजे मुलाला भाषा खरंच कमी येत होती, की पालकांना तसं वाटलं, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. मुलांच्या भाषेचा आकडा हा बऱ्याचदा मोठ्यांचा अंदाज असतो. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

‘बालपण’ हा विषय म्हणजे नेमकं काय?

विज्ञान शाखेतून आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. माझी एमएस्सी संख्याशास्त्रातली, त्यामुळे मला ‘मूल’ म्हटलं की आधी वय, वजन, गुण असे रकाने दिसतात. बालविकास हा विषय साधारण असाच चालतो. कोणत्या वयात काय यायला हवं, सरासरी किती, फरक किती.

बाल्य अभ्यास थोडा वेगळा प्रश्न विचारतो. फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस यांनी १९६० मध्ये मांडलं की, बालपण ही कल्पनाच काळानुसार बदलत आली आहे. त्यांच्या पुराव्यांवर नंतर बरीच टीका झाली, पण प्रश्न टिकला. पुढे १९९० मध्ये अॅलिसन जेम्स आणि अॅलन प्राउट यांच्या संपादित पुस्तकाने ही शाखा पक्की केली. त्यांचं म्हणणं सोप्या भाषेत असं: मूल म्हणजे अर्धवट मोठा माणूस नाही. ते आज, आत्ता, समाजात वावरणारं माणूस आहे आणि आजूबाजूचं जग तेही घडवत असतं.

उदाहरण घ्या. अकरा वर्षांची मुलगी आजीला घेऊन दवाखान्यात जाते. आजीला तेलुगू येतं, डॉक्टर मराठीत बोलतात. मुलगी दोन्हीकडचं इकडून तिकडे सांगते. बालविकासाच्या चाचणीत तिला मराठी शब्दसंग्रहात कमी गुण पडतील. बाल्य अभ्यासात ती घरची दुभाषी म्हणून दिसेल. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. एकच केली तर मुलगी अर्धीच दिसते.

आता कुंभारीत येऊ

कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव. कर्नाटकची सीमा जवळ, त्यामुळे या पट्ट्यात मराठीबरोबर कन्नडही घराघरांत आहे. सोलापूर शहरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबं येत राहिली. पुरुष मागावर आणि गिरणीत, बायका घरी विड्या वळणार, असं कित्येक घरांचं गणित. ही कुटुंबं शहराच्या पूर्व भागात दाटीने राहायची. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी दखनी आणि कन्नड. शहरात मराठीबरोबर उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्याही शाळा चालत आल्या आहेत.

मग कुंभारीत वसाहती आल्या. गोदूताई परुळेकर यांच्या नावाची महिला विडी कामगारांची घरकुल वसाहत, साधारण १० हजार घरांची, २००६ मध्ये राहती झाली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगर, एकूण ३० हजार घरांचा प्रकल्प. त्यातल्या १५ हजार घरांचं हस्तांतर १९ जानेवारी २०२४ ला झालं. त्यात विडी कामगार आहेत, यंत्रमाग कामगार आहेत, फेरीवाले, रिक्षावाले, कचरा वेचणारे आहेत.

वर्तमानपत्रात ही बातमी घरांची म्हणून येते. आपल्यासाठी ती भाषेचीही बातमी आहे. पूर्व भागातल्या गल्लीत शेजारची दहाही घरं तेलुगू असलेलं मूल आता अशा इमारतीत आलंय जिथे शेजारी मराठी, वर उर्दू, समोर कन्नड असू शकतं. भाषेच्या पुस्तकात ज्याला ‘भाषिक परिसर’ म्हणतात, तो या मुलाचा टेम्पोत सामान भरलं त्या दिवशी बदलला. आईवडिलांची भाषा तीच, शाळेचं माध्यम कदाचित तेच, पण खेळायची भाषा बदलली. असा बदल प्रयोगशाळेत घडवून आणता येत नाही. इथे तो आपोआप घडलाय आणि घरं वेगवेगळ्या वर्षी मिळाल्यामुळे, २००६ नंतर इथेच जन्मलेली मुलं आणि २०२४ नंतर शहरातून आलेली मुलं, अशी तुलनाही करता येते.

मातृभाषेचा रकाना

समजा, तुम्ही कुंभारीतल्या एखाद्या शाळेत गेलात आणि पटावरून नोंद घेतली, ‘मातृभाषा: तेलुगू’. काम झालं का?

आपल्या जनगणनेत मातृभाषेची व्याख्या अशी आहे: व्यक्तीच्या बालपणी तिची आई तिच्याशी जी भाषा बोलायची ती. आई तान्हेपणीच वारली असेल, तर बालपणी घरात मुख्यतः जी बोलली जायची ती. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या भाषिक मोजणीची व्याख्याच बालपणावर उभी आहे! आपण भाषा मोजतोय असं वाटतं, प्रत्यक्षात बालपणातल्या एका नात्याविषयी विचारत असतो. दोन्ही विषय वेगळे काढताच येत नाहीत याचा याहून सोपा पुरावा मला सापडलेला नाही.

पण व्याख्येत फक्त आई आहे. दिवसभर सांभाळणारी आजी, शेजारची मावशी, मोठी बहीण, अंगणवाडीताई, मोबाईल, यातलं कोणीच नाही. शिवाय शब्द तरी एका भाषेचे असतात कुठे? ‘अक्का’ आणि ‘अण्णा’ तेलुगूत आहेत, कन्नडमध्ये आहेत आणि मराठीतही आहेत. दखनीतला ‘नक्को’ हा आपला ‘नको’च. मुलाने ‘अक्का, नक्को’ म्हटलं तर तुम्ही कोणत्या रकान्यात टिक करणार?

आणि या रकान्यावर बरंच काही अवलंबून असतं. घटनेचं कलम ३५० क सांगतं की, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकायची पुरेशी सोय राज्याने करावी. २००९ चा शिक्षण हक्क कायदा शक्य तितपत मातृभाषेतून शिकवा म्हणतो. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा किंवा स्थानिक भाषा असं म्हणतं. या तिन्हींची अंमलबजावणी शेवटी त्या एका रकान्यावर येते. रकाना चुकीचा भरला, तर चांगल्या हेतूचा निर्णयही चुकीच्या मुलावर जाऊन पडतो.

म्हणून संशोधनात एका रकान्याऐवजी एक छोटी सारणी वापरतात. मुलाशी कोण बोलतं, किती वेळ, कोणत्या भाषेत, आणि मूल उत्तर कोणत्या भाषेत देतं. शेवटचा भाग महत्त्वाचा. आई तेलुगूत विचारते आणि मूल मराठीत उत्तर देतं, हे अनेक घरांत चालतं. ‘घरची भाषा कोणती’ या प्रश्नात हे सापडणार नाही.

‘पस्तीस’चं त्रेपन्न

आता सगळं एका प्रश्नात ओतून बघू. दुसरीचा वर्ग. बाई सांगतात, ‘लिहा, पस्तीस’. एक मूल लिहितं ५३. बाई फुली मारतात.

मूल नेमकं कुठे चुकलं? मराठीत पस्तीस, पंचेचाळीस, सत्तेचाळीस म्हणताना आधी एकक येतो, मग दशक. लिहिताना मात्र आधी दशक, मग एकक. जे कानावर आधी पडलं ते आधी लिहिलं, एवढाच त्या मुलाचा ‘गुन्हा’. उर्दू-हिंदीतही हाच क्रम. तेलुगूत मात्र ३५ म्हणजे ‘मुप्पै ऐदु’, तीस-पाच. कन्नडमध्ये ‘मूवत्तैदु’, तेही तीस-पाच. म्हणजे उच्चाराचा आणि लिहिण्याचा क्रम एकच.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलं, विनोदही पुष्कळ झाले. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की, जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना जड जातो, म्हणून सोपी पद्धत जोडीला द्यावी. वादात एक बाजू म्हणाली मराठीचं नुकसान होतंय, दुसरी म्हणाली मुलांचं भलं होतंय. एकीकडे भाषा, दुसरीकडे मूल. पण मराठी वर्गातल्या ज्या मुलांच्या घरी मराठी नाहीच, त्यांचं काय, हा प्रश्न त्या गोंगाटात मागेच राहिला.

इथे वेल्स पुन्हा कामाला येतं. जुन्या वेल्शमध्ये २५ म्हणताना ‘विसावर पाच’ असं म्हणतात आणि त्यातला पाच आधी येतो, अगदी आपल्या पंचवीससारखा. १८ ला ‘दोन नऊ’ म्हणतात. शाळांमध्ये मात्र आता दशमान पद्धत चालते: २५ म्हणजे ‘दोन दहा पाच’. म्हणजे तिथे ‘वीस पाच’ची वाट शाळेत केव्हाच रुळली आहे.

अॅन डाउकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेल्समधली ६ आणि ८ वर्षांची मुलं घेतली. त्यांच्या गटांची रचना बघा, शिकण्यासारखी आहे: घरी आणि शाळेत दोन्हीकडे वेल्श असलेली मुलं, घरी इंग्रजी पण शाळेत वेल्श असलेली मुलं, आणि दोन्हीकडे इंग्रजीच असलेली मुलं. मधला गट नसता तर फरक घरामुळे आला की शाळेमुळे, हे कळलंच नसतं. निष्कर्ष सनसनाटी नव्हता. वेल्श माध्यमाची मुलं सरसकट गणितात पुढे नव्हती. पण दोन अंकी संख्या वाचणं आणि त्यांची तुलना करणं, नेमक्या एवढ्याच गोष्टीत त्यांना फायदा दिसला.

उलट बाजूचाही पुरावा आहे. जर्मनमध्ये मराठीसारखाच आधी एकक येतो. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवरच्या २००९ च्या एका अभ्यासात, संख्या लिहिताना झालेल्या चुकांपैकी साधारण निम्म्या या उलटापालटीशी निगडित होत्या.

आता कुंभारीतला तो वर्ग पुन्हा बघा. एकाच बाकावर दोन मुलं. एकाच्या घरी मराठी, दुसऱ्याच्या घरी तेलुगू. दोघंही ५३ लिहितात. पहिल्याला शेरा मिळतो, ‘लक्ष देत नाही’. दुसऱ्याला मिळतो, ‘घरी मराठी नाही ना, म्हणून कच्चा’. पण घरच्या तेलुगूत तर क्रम सरळ आहे! कदाचित त्या मुलाला ‘मुप्पै ऐदु’ म्हटलं असतं तर त्याने ३५ बरोबर लिहिलं असतं. घरची भाषा त्याची अडचण आहे की वापरलीच न गेलेली मदत, हा प्रश्न संशोधनाने सोडवण्यासारखा आहे. आणि सातव्या वर्षी लागलेला ‘कच्चा’ हा शिक्का सहज पुसला जात नाही. मूल स्वतःही त्यावर विश्वास ठेवायला लागतं.

आराखडा कसा करायचा?

हा प्रश्न घेऊन सिनॉप्सिस लिहायचा झाला तर साधारण असा विचार करा.

पहिलं, गुण मोजू नका, चुकीचा प्रकार मोजा. ३५ ऐवजी ५३ ही एक चूक, ३०५ ही वेगळी चूक आणि ३६ ही तिसरीच. दहापैकी सहा गुण या आकड्यात हे तिन्ही एकत्र दडून बसतात. संख्या निवडतानाही ४४ सारख्या टाळा, त्या उलट्या लिहिल्या तरी कळणार नाही. २९, ३९, ४९ वेगळ्या ठेवा, कारण ‘एकोणचाळीस’ हा ‘एक कमी चाळीस’ असा तिसराच प्रकार आहे.

दुसरं, प्रत्येक मुलाची चाचणी दोन्ही भाषांत घ्या, वेगवेगळ्या दिवशी. अर्ध्या मुलांना आधी मराठी, अर्ध्यांना आधी घरची भाषा. दोन्ही वेळा मराठीच आधी ठेवली, तर दुसऱ्या दिवशीची सुधारणा भाषेमुळे की सरावामुळे, ते कळणार नाही.

तिसरं, गृहीत तपासा. घरी तेलुगू म्हणजे मोजणी तेलुगूत, असं नाही. विडीची मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे मोजणी हा या घरांमधला रोजचा आवाज आहे. आई विड्या कोणत्या भाषेत मोजते? भाजीचा भाव कोणत्या भाषेत सांगते? मोबाईल नंबर? बोलणं तेलुगू आणि आकडे मराठी, असं असेल तर आपलं सगळं गृहीतक कोसळतं. म्हणून आकड्यांच्या चाचणीआधी काही दिवस नुसतं बसून ऐकायचं काम करा. विज्ञानवाल्यांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. पण चाचणी मोजायचं तेच मोजतेय का, हे इथेच कळतं.

चौथं, गोंधळ घालणारे घटक. तेलुगू आणि मराठी घरांमध्ये भाषेशिवायही फरक असतील: आईचं शिक्षण, अंगणवाडीत गेलेली वर्षं, वसाहतीत येताना शाळा बदलली का. हे घटक नोंदवले नाहीत तर भाषेचा म्हणून दाखवलेला परिणाम प्रत्यक्षात स्थलांतराचा निघू शकतो. उर्दू माध्यमाचा गट मिळाला तर तुलना आणखी घट्ट होते, कारण तिथे घर आणि शाळा दोन्हीकडे क्रम उलटाच आहे.

कॅनडाचे जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये केलेला एक भेदही इथे उपयोगी पडतो. रोजच्या गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल मैदानात फाडफाड मराठी बोलतं, याचा अर्थ वर्गातल्या मराठीवरही त्याची पकड आहे, असा होत नाही. शिक्षकांशी बोलताना ‘त्याला मराठी चांगलं येतं की’ हे वाक्य ऐकलं की विचारा, कुठलं मराठी?

मुलाची संमती, मुलाच्या भाषेत

आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर मुलाचीही मान्यता घ्यायची असते. ७ ते १२ वयाच्या मुलांची तोंडी, त्यावरच्या वयाची लेखी. आपली दुसरीतली मुलं तोंडी गटात येतात. आता ती मान्यता मराठीत मागितली आणि मूल मान हलवून मोकळं झालं, तर ती मान्यता का? शाळेत मोठ्या माणसाने विचारलं की मूल ‘हो’च म्हणतं.

भाषांतराचा फॉर्म करून प्रश्न सुटत नाही. तेलुगू बोलणाऱ्या प्रत्येकाला तेलुगू लिपी वाचता येते असं नाही, मराठी शाळेत शिकलेल्या आईला तर बहुधा नाहीच. आणि पुस्तकी तेलुगूत लिहिलेला फॉर्म सोलापूरच्या तेलुगूत वाढलेल्या बाईला परका वाटू शकतो. म्हणून माहिती तोंडी द्या, तिथल्याच बोलीत, तिथल्याच कोणाकडून तपासून घेऊन. मुलाला ‘नको’ म्हणायची सोपी खूण द्या, उदाहरणार्थ लाल कार्ड उलटं ठेवणं. आणि पहिल्याच भेटीत एकदा ते खरंच वापरायला लावा, म्हणजे नाही म्हटलं तरी कोणी रागावत नाही हे त्याला कळतं.

अजून एक. विडी वळणं हे मुलांना कायद्याने बंदी असलेल्या कामांत आहे. घरी निरीक्षणाला गेलात आणि मूल आईला हातभार लावताना दिसलं तर काय करायचं, हे नीतिमत्ता समितीसमोर जाण्याआधी ठरवा, घरात उभं राहून नाही. त्या कुटुंबाची मजुरी, मुलाचं हित आणि तुमची जबाबदारी, तिन्हींचा विचार कागदावर असायला हवा.

‘हा विषय कोणत्या शाखेत बसतो?’

आरएसीसमोर हा प्रश्न येणारच. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ प्रमाणे चार विद्याशाखा आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. शिक्षणशास्त्र, गृहविज्ञान असे विषय चौथीत येतात. आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठालाही हीच रचना लागू आहे. तेव्हा दार आहे, फक्त मुख्य विषय एक धरून दुसऱ्या विषयाचे सहमार्गदर्शक मिळतात का ते आधी बघा.

पण ‘माझा विषय आंतरविद्याशाखीय आहे’ एवढं म्हणून बसू नका. समितीला ते वाक्य रोज ऐकायला मिळतं. त्याऐवजी सुरुवातीला केलेली चाचणी त्यांच्यासमोर करून दाखवा. भाषा काढून टाकली तर ‘मुलं संख्या चुकीच्या का लिहितात’ एवढं उरतं आणि उत्तर मिळतं, लक्ष नाही. मूल काढून टाकलं तर ‘तेलुगू आणि मराठी संख्यानामांची तुलना’ उरते, ती तर शब्दकोशातही मिळेल. ५३ लिहिणारं मूल दोन्हींपैकी कशातच सापडत नाही. तुमच्या प्रश्नावर हा प्रयोग केल्यावर एखादा विषय काढूनही प्रश्न शाबूत राहत असेल, तर तो विषय खुशाल सोडा. सिनॉप्सिस हलका होईल आणि गाईडही खूश होतील.

या आठवड्यात एक छोटा सराव करा. ओळखीतलं सहा ते आठ वर्षांचं एक मूल निवडा, आईवडिलांना आणि मुलाला विचारून. एक दिवस त्याच्याशी कोण, कोणत्या भाषेत बोललं आणि त्याने कोणत्या भाषेत उत्तर दिलं, एवढंच तासातासाने लिहा. मग आईला विचारा, ‘याची भाषा कोणती?’ तिचं उत्तर आणि तुमची नोंद शेजारी ठेवून बघा. दोन्हींत जिथे फरक पडेल तिथे खूण करा. पुढच्या वेळी अशा नोंदींवरून प्रश्नावली कशी बनवायची आणि ती तपासायची कशी, ते बघू.